मेलेल्या पाकिटांचा बाजार आणि फुकट नत्राचे कीर्तन



मृगाच्या तोंडावर तालुक्याच्या बाजारात जावे, डीएपीची दोन पोती मागावी, आणि दुकानदाराने पोत्यांवर चार पाकिटे ठेवून म्हणावे, "हे घ्यावंच लागंल." हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? या प्रकाराला आपण लिंकिंग म्हणतो. पाकिटावर हिरव्यागार झाडाचे चित्र असते, खाली जिवाणूचे लांबलचक नाव असते आणि आत काळी भुकटी. गेल्या हंगामात आम्ही गावातील चौघांनी घेतलेली अशी पाकिटे पारावर मांडून पाहिली. एकाची मुदत मागच्या दिवाळीतच संपली होती. एकावर तारीख होती, पण ती खोडून वर दुसरी मारलेली. उरलेली पाकिटे तारखेला धरून होती, पण ती पत्र्याच्या गोदामात वैशाखाचे ऊन खात पडून असल्याचे पोती उचलायला गेलेल्या पोरांनीच पाहिले होते.

त्याच आठवड्यात गावच्या समाजमंदिरात एक व्याख्यान झाले. व्याख्याते शहरातून आले होते. ते म्हणाले, रासायनिक खताने तुम्ही धरणीमातेला विष पाजले. एका देशी गाईवर तीस एकर पिकते. जिवाणू हवेतून नत्र आणतात, जमिनीतून स्फुरद सोडवतात, तुम्हाला बाजारातून काहीही आणावे लागत नाही, खर्च शून्य. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्याख्याते गाडीत बसून गेले.

एक म्हणतो, जिवाणू विकत घ्या. दुसरा म्हणतो, जिवाणू फुकट आहेत. दोघांचे भांडण आहे असे वाटते, पण दोघांचे एका बाबतीत मेतकूट आहे. एक साधा प्रश्न दोघेही आपल्याला विचारू देत नाहीत. तो प्रश्न असा: हे जिवाणू खातात काय?

जिच्या गोठ्यात दोन बैल आहेत त्या घरातली बाईसुद्धा हा प्रश्न पहिल्यांदा विचारील. बैल फुकट मिळाला तरी वैरण फुकट मिळत नाही, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. जिवाणूही जनावरच समजा. डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

गाठीतला करार

तुरीचे, मुगाचे किंवा सोयाबीनचे रोप पेरणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी कुदळीने मातीसकट उचला. उपटू नका, उपटले की गाठी मातीतच राहतात. मुळे पाण्यात हलवून धुवा. मुळांवरची गाठ नखाने कापा. आतून ती गुलाबी-लाल निघाली तर समजा कारखाना चालू आहे. पांढरी, हिरवट किंवा करडी निघाली तर कारखाना बंद आहे. हा लाल रंग आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्या भावकीतलाच आहे. नत्र बांधण्याचे यंत्र मोकळ्या प्राणवायूने बिघडते, म्हणून हे लाल द्रव्य प्राणवायू धरून ठेवते आणि जिवाणूला लागेल तेवढाच पुरवते.

द्विदल पिके हवेतला नत्र वापरतात आणि हे काम गाठीतले जिवाणू करतात, हे जर्मनीत हेलरिगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ ते १८८८ च्या दरम्यान सिद्ध केले. १८८८ साली हॉलंडच्या बायरिंकने तो जिवाणू गाठीतून वेगळा काढून वाढवला. आज आपण त्याला रायझोबियम म्हणतो. त्याआधी हजारो वर्षे आपल्या बापजाद्यांनी ज्वारीत तूर पेरली, ती काही रायझोबियमचे नाव माहीत होते म्हणून नव्हे. तुरीनंतर वावर सुधारते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

पण या गाठीत भक्ती नाही, करार आहे. मूळ आधी मातीत एक द्रव्य सोडून हाक देते. ओळखीचा जिवाणू त्या हाकेला स्वतःच्या द्रव्याने उत्तर देतो. खूण पटली तरच मूळ त्याला आत घेते. सगळ्यांचे सगळ्यांशी जमत नाही. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, सोयाबीनचा वेगळा. तूर, मूग, चवळी, भुईमूग यांचे एकमेकांत बरेच चालते. आत घेतल्यावर रोप जिवाणूला पानांत बनवलेली साखर देते आणि जिवाणू रोपाला नत्र देतो. साखर बंद, तर नत्रही बंद.

आणि जिवाणूने कामचुकारपणा केला तर? २००३ साली टोबी कियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत सोयाबीनवर एक प्रयोग केला. काही गाठींभोवती त्यांनी नत्र नसलेली हवा ठेवली, म्हणजे तिथल्या जिवाणूला काम करायचे म्हटले तरी करता येणार नाही. रोपाने त्या गाठींचा पुरवठा आखडला आणि तिथल्या जिवाणूंची वाढ खुंटली. सोयाबीनचे रोपसुद्धा काम न करणाऱ्याला पगार देत नाही. आपण मात्र मेलेल्या पाकिटाला दरवर्षी पैसे मोजतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. जमिनीत आयता नत्र भरपूर असेल तर रोप गाठी धरायला तयार होत नाही. घरात धान्य असताना उधारीवर कोण आणील? सोयाबीन पिवळे दिसले की आपण युरिया फेकतो आणि गाठींचा कारखाना आपल्याच हाताने बंद करतो. हे पाप कंपनीचे नाही, सरकारचेही नाही. हे आपले आहे.

साखरेचा हिशेब

आता कापूस आणि ज्वारीकडे या. या दोन्ही पिकांना गाठी येत नाहीत. त्यांच्यासाठी ॲझोटोबॅक्टर आणि ॲझोस्पिरिलम या जिवाणूंची नावे सांगतात. हे जिवाणू खोटे नाहीत. ते मातीत किंवा मुळांच्या आसपास राहतात आणि हवेतला नत्र बांधतातही. प्रश्न फक्त किती बांधतात आणि कशाच्या जोरावर बांधतात, एवढाच आहे.

उत्तर सरकारच्या कायद्यातच आहे. २००६ साली जैविक खते खत नियंत्रण आदेशाखाली आली. त्यात ॲझोटोबॅक्टरच्या पाकिटासाठी अट घातली, की वापरलेल्या १ ग्रॅम साखरेमागे जिवाणूने किमान १० मिलिग्रॅम नत्र बांधले पाहिजे. हा हिशेब पुढे न्या. १ किलो साखरेमागे १० ग्रॅम नत्र. १० किलो नत्रासाठी १००० किलो साखर, म्हणजे दहा क्विंटल. काही जिवाणू याच्या दुप्पट काम करतील असे धरले, तरी पाच क्विंटल साखर लागेल. कोरडवाहू वावरात ही साखर येणार कुठून? ती येते मुळांच्या पाझरातून, धसकटांतून, पालापाचोळ्यातून, शेणखतातून. जिथे हेच नाही तिथे जिवाणू उपाशी मरतो, पाकिटातला असो की मडक्यातला.

आता मडक्याचा हिशेब करू. एकराला दोनशे लिटर जीवामृत सांगतात. त्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. शेणातला, गोमूत्रातला आणि बेसनातला नत्र मिळून पाव किलोच्या आत भरतो. दोन किलो गुळावर जिवाणूंनी वर सांगितलेल्या दराने नत्र बांधला तर आणखी २० ग्रॅम. महिन्यातून एकदा याप्रमाणे सहा महिने दिले, तरी सगळे मिळून दीड-पावणेदोन किलो.

आणि वावरातून जाते किती? कापसातली रुई ही हवा आणि पाणी यांपासूनच बनते. तिच्यात नत्र जवळजवळ नाही. नत्र असतो सरकीत. एकरी पाच क्विंटल कापूस झाला तर त्यात सव्वातीन क्विंटलच्या आसपास सरकी निघते आणि तिच्यात साधारण ११ किलो नत्र असतो. हा नत्र जिनिंगमध्ये जातो, तिथून तेलगिरणीत जातो आणि पेंड होऊन शहराजवळच्या गोठ्यात जातो. तो परत आपल्या वावरात येत नाही. पऱ्हाटी पेटवली तर तिच्यातला नत्रही धुरात जातो.

तेव्हा व्याख्याते महाराजांना आमचा सवाल आहे: ११ किलो जातात, पावणेदोन किलो येतात, उरलेले सव्वानऊ किलो कोणाच्या खात्यातून? जमिनीच्या खात्यातून, हे त्याचे उत्तर आहे. जमिनीत साठलेले जुने सेंद्रिय द्रव्य कुजते आणि त्यातून नत्र सुटतो. पहिली दोन-चार वर्षे पीक बरे येते, लोक म्हणतात बघा चमत्कार. तो चमत्कार नसतो, ठेव मोडून केलेला खर्च असतो.

जीवामृत करू नका असे आम्ही म्हणत नाही. ज्याला ते स्वस्त पडते, ज्याच्या वावरात फरक दिसतो, त्याने खुशाल करावे. आपल्या वावरात काय घालायचे हे ठरवायचा हक्क शेतकऱ्याचा आहे. आमची तक्रार वेगळी आहे. २०१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात 'झिरो बजेट' शेतीचे नाव घेतले गेले. शेतीचा खर्च शून्य आहे असे एकदा सरकारदरबारी रुजले, तर भावाची मागणी कोण ऐकणार? ज्याचा खर्चच नाही त्याला भाव कशाला, असे उद्या तेच आपल्याला सांगतील. फुकट नत्राच्या कीर्तनात टाळ्या वाजवताना हे लक्षात ठेवा.

दोन परदेशी वावरे

ज्यांना हा हिशेब कागदी वाटतो त्यांच्यासाठी दोन दाखले देतो.

इंग्लंडमध्ये रोदॅमस्टेड येथे ब्रॉडबाल्क नावाचे एक वावर आहे. तिथे १८४३ पासून दरसाल गव्हाचा प्रयोग चालू आहे. त्यातल्या एका तुकड्याला तेव्हापासून कसलेही खत दिलेले नाही. तो तुकडा मेला का? नाही. पावसातून थोडा नत्र येतो, मातीतले जिवाणू थोडा बांधतात, आणि तो तुकडा आजही हेक्टरी एक टनाच्या आसपास, म्हणजे एकरी चार क्विंटल गहू देतो. जमीन खताशिवाय मरत नाही, हे खरे. पण ती गरिबीत जगते, आणि तिच्यावर जगणाराही गरिबीतच राहतो. शेजारच्या एका तुकड्याला दरवर्षी फक्त शेणखत देतात. तो तुकडा रासायनिक खताच्या तुकड्यांच्या तोडीस तोड पिकतो आणि तिथल्या मातीतला सेंद्रिय कर्ब दुपटीहून जास्त झाला. शेणखताचा गौरव करणारे एवढेच सांगतात. शेणखत किती देतात ते सांगत नाहीत. हेक्टरी ३५ टन, दरवर्षी. एका बैलगाडीत पाच क्विंटल धरले तर एकराला अठ्ठावीस गाड्या. आपल्यापैकी किती जणांच्या उकिरड्यातून एकरी पाच गाड्या निघतात?

दुसरा दाखला श्रीलंकेचा. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचे उत्पादन कोसळले, चहाचे मळे अडचणीत आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारला बंदी मागे घ्यावी लागली. जिवाणू काही सरकारी नोकर नाहीत, की हुकूम निघाला आणि दुसऱ्या दिवसापासून ते जादा काम करू लागले.

ज्वारी गेली आणि काय काय गेले

आता आपल्या स्वतःच्या ज्ञानाकडे येऊ. ते आपण विसरत चाललो आहोत, आणि का विसरत आहोत तेही पाहू.

"ज्वारीनं वावर खाल्लं" असे म्हातारी माणसे म्हणतात. त्यात तथ्य आहे. ज्वारीच्या धसकटांत कर्ब फार आणि नत्र थोडा. धसकटे कुजवणाऱ्या जिवाणूंना आपले शरीर बांधायला नत्र लागतो. तो धसकटांत मिळत नाही, म्हणून ते मातीतला नत्र उचलतात. नवे पीक काही आठवडे पिवळे पडते. पण नत्र नाहीसा झालेला नसतो, जिवाणूंच्या अंगात साठलेला असतो. जिवाणू मेले की तो पुन्हा पिकाला मिळतो. म्हणूनच धसकटे वेळेवर मोडायची, पावसाआधी नांगरटी करायची, ही जुनी रीत.

ज्वारीचा दुसरा गुण अलीकडे कळला. युरियाचा नत्र मातीत जातो तेव्हा एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट पाण्याबरोबर खाली वाहून जाते, किंवा वायू होऊन उडून जाते. ज्वारीची मुळे एक द्रव्य सोडून या जिवाणूंना आवर घालतात. जपानच्या शास्त्रज्ञांनी आणि हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅटने यावर काम केले आहे. ज्या ज्वारीला मागास लोकांचे भरड धान्य म्हणून हिणवले, ती स्वतःच्या मुळांनी नत्राची गळती थांबवते आहे.

तिसरा गुण तुरीच्या मर रोगाचा. मर ही मातीत राहणारी बुरशी आहे. इक्रिसॅटमध्येच १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत दिसले, की ज्वारीबरोबर आंतरपीक घेतलेल्या किंवा ज्वारीनंतर घेतलेल्या तुरीत मर कमी होते. एकाच वावरात तुरीवर तूर घेतली की बुरशीला दरसाल पंगत मिळते. मध्ये ज्वारी आली की तिला उपास घडतो.

चौथी गोष्ट बुरशीचीच, पण मित्र बुरशीची. कापूस, ज्वारी, तूर, तिन्हींच्या मुळांत एक बुरशी घर करते. तिला मायकोरायझा म्हणतात. मुळे पोहोचत नाहीत तिथे तिचे तंतू पोहोचतात आणि स्फुरद आणि जस्त आणून देतात. बदल्यात तीही पिकाची साखरच खाते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या डार्लिंग डाउन्स भागात आपल्यासारखीच काळी, भेगाळणारी जमीन आहे. तिथे पाणी साठवण्यासाठी शेतकरी वावर वर्षाहून जास्त काळ उघडे, तणविरहित ठेवत. ओल भरपूर साठली, तरी पुढचे पीक खुरटे येई. कारण कळेना. शेवटी थॉम्पसन नावाच्या शास्त्रज्ञाने १९८७ साली दाखवले, की एवढा काळ जिवंत मूळ न मिळाल्याने ही बुरशी उपासमारीने कमी झाली आणि पिकाला स्फुरद व जस्त मिळेनासे झाले. ओल होती, मातीत स्फुरदही होते, पण ते आणून देणारे हमाल मेले होते.

म्हणजे मूळ गोष्ट काय? मातीतले सगळे राज्य मुळांवर आणि काडीकचऱ्यावर जगते. त्या राज्याला सांभाळण्याची आपली व्यवस्था होती: ज्वारी, तूर, मूग, उडीद, कापूस यांची फेरपालट, गोठ्यातली जनावरे, कडबा, उकिरडा. ही व्यवस्था कोणी मोडली? आपल्याला अक्कल नव्हती म्हणून ती मोडली नाही. ज्वारीला भाव मिळेना म्हणून खरिपातली ज्वारी गेली. ज्वारी गेली म्हणून कडबा गेला. कडबा गेला म्हणून बैल गेले. बैल गेले म्हणून शेणखत गेले, आणि शेणखत गेले म्हणून मातीतला जिवाणू उपाशी पडला. ही साखळी वावरात सुरू होत नाही, बाजारात आणि मंत्रालयात सुरू होते. जिवाणूंच्या नावाने आपल्याला उपदेश करणाऱ्यांनी आधी त्या टोकाला हात घालावा.

सरकार दीडपट भाव दिल्याचे सांगते. तो दीडपट निघतो रोखीचा खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी एवढ्यावरच. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज त्यात येत नाही. आणि सर्वंकष खर्च म्हणतात तो धरला, तरी त्यात औतांची झीज धरतात, जमिनीच्या कसाची झीज धरत नाहीत. नांगराचा फाळ झिजला तर त्याची नोंद होते. मातीतला कर्ब झिजला तर कोणाच्याही वहीत त्याची नोंद नाही.

पाकिटाचा कायदा आहे, पण कोणासाठी?

आता पाकिटाकडे वळू. पाकीट ही मुळात वाईट गोष्ट नाही. पूर्वी जिथे द्विदल पीक नवे असे, तिथे जुन्या वावरातली माती आणून टाकत. १८९६ साली जर्मनीत नोबे आणि हिल्टनर यांनी त्या जागी जिवाणूंचे संवर्धक तयार करून विकायला आणले. आपल्याकडे सोयाबीन नवे आले तेव्हा त्याचा जिवाणू आपल्या मातीत पुरेसा नव्हता. तिथे चांगल्या पाकिटाचा उपयोग झाला. तूर आणि मुगाचे जिवाणू आपल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथे पाकिटाने फरक पडेलच असे नाही.

खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या पाकिटात दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू पाहिजेत आणि द्रवरूप खतात दर मिलिलिटरला १० कोटी. पाकिटावर तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख पाहिजे. रायझोबियम असेल तर ते कोणत्या पिकासाठी आहे ते लिहिले पाहिजे. नमुना तपासण्याची सोय नागपूरला केंद्र सरकारच्या विभागीय केंद्रात आहे. कायदा आहे, प्रयोगशाळा आहे, निरीक्षक आहे. मग आमच्या पारावर आलेली ती पाकिटे बाजारात आलीच कशी?

युरियात भेसळ झाली तर शेतकऱ्याला निदान संशय येतो, पीक बोलते. मेलेला जिवाणू आणि जिवंत जिवाणू डोळ्यांना सारखेच दिसतात. म्हणून या धंद्यात चोरी सोपी आहे. आणि म्हणूनच इथे तपासणी बाकी सगळ्या खतांपेक्षा कडक पाहिजे.

इतर देशांनी काय केले पाहा. ऑस्ट्रेलियात १९५० च्या दशकात चाऱ्याच्या द्विदल पिकांवर जिवाणू संवर्धके निकामी ठरू लागली. तेव्हा सिडनी विद्यापीठातील प्राध्यापक व्हिन्सेंट यांच्या पुढाकाराने कारखानदारांपासून स्वतंत्र तपासणी सुरू झाली. त्याच देशात सुबाभळीने गुरे आजारी पडत, केस झडत, गळ्याला गाठ येई. हवाई बेटांवरच्या बकऱ्या मात्र तीच सुबाभूळ खाऊन ठणठणीत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने ताडले, की हवाईच्या बकऱ्यांच्या पोटात ते विष पचवणारे जिवाणू असले पाहिजेत. १९८० च्या दशकात तो पोटातला रस ऑस्ट्रेलियात आणून गुरांना पाजला आणि गुरे सुबाभूळ पचवू लागली. १९९२ साली त्या जिवाणूला जोन्सचेच नाव दिले. पुढे क्वीन्सलँडच्या शेतकी खात्याने तो जिवाणू वाढवून पशुपालकांना पुरवला. जिवाणू जनावराच्या पोटात वैरणीवर जगला, एकाकडून दुसऱ्याकडे पसरला. याला म्हणतात खात्याचे काम. आधी शोध, मग तपासणी, मग पुरवठा. आपल्याकडे मात्र पुरवठा आधी होतो, तोही डीएपीच्या पोत्याला बांधून.

आपण काय करायचे

दुसऱ्यांना बोल लावून झाले, आता स्वतःकडे पाहू. चांगले पाकीटसुद्धा आपण आपल्या हाताने मारतो. बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यांत शेवटी जिवाणू, हा क्रम आहे. आपण तिन्ही एकाच घमेल्यात कालवतो. लावलेले बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचे असते. आपण ते उन्हात पसरतो. पऱ्हाटी पेटवतो. उकिरड्याला सावली नाही, ओल नाही. वर्षभर ऊन खाऊन त्यात राखच उरते.

म्हणून प्रत्येक गावात एवढे करा. ज्या कोणत्या जिवाणूचा वापर कराल, पाकिटातला असो की घरचा, वावरात चार तासे त्याच्याशिवाय ठेवा. त्यांना खुंट्या ठोका. द्विदल पिकाच्या गाठी पंचेचाळिसाव्या दिवशी चौघांसमोर कापून पाहा. काढणीला दोन्हीकडचे वेगळे मोजा. फरक दिसला तर पुढच्या वर्षी वापरा, दिसला नाही तर सोडून द्या. कंपनीच्या छापील कागदापेक्षा आणि व्याख्यात्याच्या वाणीपेक्षा त्या चार तासांची साक्ष मोठी आहे.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील ठराव मांडत आहोत.

१. खताच्या पोत्याबरोबर जैविक खत किंवा इतर काहीही सक्तीने विकणाऱ्या दुकानदारावर, आणि त्याच्या गळ्यात तो माल मारणाऱ्या वरच्या पुरवठादारावर कारवाई व्हावी. दुकानदार म्हणतो, मलाही वरून लिंकिंग येते. मग ज्याच्याकडून येते त्याला धरा.

२. जैविक खतांचे नमुने कारखान्यातून नव्हे, दुकानाच्या फळीवरून, तेही मे आणि जून महिन्यांत घ्यावेत. निकाल पेरणीआधी तालुक्याच्या ठिकाणी फलकावर नावानिशी लावावेत. पीक गेल्यावर आलेला अहवाल म्हणजे मेलेल्याच्या तोंडात घातलेले औषध.

३. कृषी विद्यापीठांनी आपल्या कोरडवाहू काळ्या मातीतले, आपल्या उन्हात टिकणारे जिवाणू शोधून त्यांची चाचणी शेतकऱ्यांच्या वावरात करावी. फरक पडत नसेल तिथे पडत नाही असे स्पष्ट सांगावे.

४. जमिनीच्या कसाची झीज हा उत्पादन खर्चाचा भाग धरावा.

५. कोणती पद्धत वापरायची याची सक्ती शेतकऱ्यावर कोणीही करू नये, रासायनिकवाल्यांनीही नाही आणि नैसर्गिकवाल्यांनीही नाही.

यातला चौथा ठराव काहींना विचित्र वाटेल. जिवाणूंचा आणि भावाचा काय संबंध, असे अधिकारी विचारतील. त्यांना शांतपणे सांगा: साहेब, जिवाणूला वैरण लागते. ती वैरण म्हणजे आमची धसकटे, आमचे शेणखत, आमची ज्वारी-तुरीची फेरपालट. ते सगळे परवडायला भाव लागतो. भाव न देता माती जिवंत ठेवा म्हणणे म्हणजे बैलाला दावणीला उपाशी बांधून नांगराला जुंपणे आहे.

बैठकीला येताना ज्याच्याकडे गेल्या वर्षीचे जैविक खताचे पाकीट शिल्लक असेल त्याने ते फेकू नये. सोबत घेऊन यावे. सगळी पाकिटे टेबलावर मांडू, एकेकाची तारीख मोठ्याने वाचू आणि मगच चर्चेला बसू.